धरणाचा टक्का आणि काठावरचं पोट

प्रश्न असा आला आहे: "दिंडोरी तालुक्यात करंजवण धरणाच्या फुगवट्याला आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. पाणी धरणातूनच मोटारीनं उचलतो. मामा त्याच पाण्यावर मासेमारी करतात. पावसाळ्यात धरण शंभर टक्के भरलं तरी मार्च-एप्रिलमध्ये आमची मोटार उघडी पडते. मामा म्हणतात, त्याच दिवसांत मासा भरपूर सापडतो पण हातात पैसा राहत नाही. पाणी वरखाली झाल्यानं काठच्या लोकांच्या रोजीरोटीवर नेमका काय परिणाम होतो आणि त्यात आपल्या हाती काय आहे?"

अठ्ठावीस वर्षं मी नाशिक जिल्ह्यातल्या पाणीवापर संस्था आणि मच्छीमार संस्थांबरोबर काम करते आहे. त्यातली बरीच वर्षं दिंडोरी, निफाड आणि इगतपुरीत धरणांच्या काठाकाठानं फिरण्यात गेली. तुमच्या प्रश्नात दोन घरं एकत्र आलीत, शेतकऱ्याचं आणि मच्छीमाराचं, हे मला फार बरं वाटलं. एरवी दोघं वेगवेगळे येतात आणि एकमेकांवर राग काढतात. पाणी मात्र दोघांचं एकच असतं.

माझं म्हणणं आधीच सांगते. पाणी कमी झालं म्हणून काठचा माणूस बुडत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरणारच, हे त्याला आजोबांपासून ठाऊक असतं. कोणत्या तारखेला पाणी कोणत्या खुणेवर असेल हे त्याला कुणी आधी सांगत नाही, तिथे तो बुडतो. मोटार, हरभरा आणि मासा, तिघांचं नुकसान या एकाच जागी होतं.

सुरुवात टक्क्यापासून करू, कारण पहिला घोटाळा तिथेच आहे. वर्तमानपत्रात रोज येतं, करंजवण इतके टक्के, गंगापूर इतके टक्के. हा टक्का साठ्याचा असतो, उंचीचा नसतो. धरणाचं पोट परातीसारखं असतं, वर पसरट आणि खाली अरुंद. म्हणून वरचा एक मीटर पाण्याचा थर खालच्या एक मीटरच्या कितीतरी पट जास्त पाणी धरतो. ढोबळ हिशेब असा की साठा शंभरावरून पन्नास टक्क्यांवर येतो तेव्हा पाणी उंचीनं फक्त पाव ते तीस टक्के उतरलेलं असतं. आणि शेवटचे वीस टक्के संपतात तेव्हा उंचीचा जवळजवळ अर्धा भाग खाली जातो. प्रत्येक धरणाचा आकार वेगळा, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चाल हीच.

डिसेंबरात तुम्ही वाचता "साठा साठ टक्के" आणि मोटारीकडे बघता तर ती जागेवर नीट चालू असते, म्हणून निर्धास्त राहता. मार्चमध्ये साठा तीसवरून वीसवर येतो. कागदावर फक्त दहा टक्के गेले, पण काठावर पाणी धडाधड खाली सरकतं. तुम्हाला जे "अचानक" वाटतं ते अचानक नसतं, ते परातीच्या आकारात आधीपासूनच असतं.

दुसरी गोष्ट आडव्या अंतराची. काठ सपाट असेल, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर उतार असेल, तर पाणी एक मीटर उतरलं की कड शंभर मीटर लांब जाते. वीस फुटी पाइप धरले तर सतरा पाइप वाढवावे लागतात. वरच्या भागात काठ सपाट असतो, तिथे कड भराभर लांब जाते. खालच्या भागात उतार तीव्र, तिथे कड जवळच राहते पण खोल जाते. म्हणून हिवाळ्यात तुमचा खर्च पाइपाचा असतो आणि उन्हाळ्यात उचलण्याचा.

उचलण्यालाही मर्यादा आहे. साधी सेंट्रिफ्युगल मोटार पाणी वर खेचते ती हवेच्या दाबावर. समुद्रकिनाऱ्यावर हिशेबानं ती दहा मीटरच्या थोडं वर खेचू शकेल. आपण सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहोत, इथे हवेचा दाब कमी. वर फुटबॉल (पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाची जाळीची झडप), बेंड, पाइपातलं घर्षण हे सगळं धरलं तर सहा मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये. पाण्याची कड मोटारीच्या खाली सहा मीटर गेली की ती हवा ओढायला लागते. तो आवाज काठावर राहिलेल्या माणसाला झोपेतही कळतो. भरलेल्या पाइपाचा जड घुमणारा आवाज हळूहळू पोकळ होतो, मग खरखर, मग मोटार रिकामी फिरते आणि सील जळतं. एका मार्चमध्ये पहाटे पाचला मी एका बाईबरोबर अशी मोटार उतरवली होती. तिचा नवरा मजुरीवर सटाण्याकडे गेलेला. तिनं आधी चपला काढून बाजूला ठेवल्या, साडीचा ओचा खोचला, गुडघाभर चिखलात उतरली आणि फुटबॉलला लागलेला गाळ हातानं काढला. जाळीत पानवेलीची (जलपर्णीची) मुळं आणि मेलेले शिंपले. ती म्हणाली, "ताई, आणखी चार दिवस आधी कळलं असतं तर जेसीबीवाला सगळ्यांनी मिळून आणला असता. आता तो एकटीला परवडत नाही." चार दिवस. तेवढाच तिचा प्रश्न होता.

द्राक्षाला ही वेळ किती वाईट ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर नव्या फुटी निघतात, काडी तयार होते आणि पुढच्या हंगामाचा घड त्याच काडीच्या डोळ्यात आकार घेतो. त्या दिवसांत बाग तहानली तर त्याचा फटका त्या उन्हाळ्यात दिसत नाही. तो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर दिसतो, जेव्हा फुटीबरोबर घड निघत नाही. तेव्हा धरण भरलेलं असतं आणि लोक औषधाला, खताला, रोपवाटिकेला दोष देतात. मी अनेक बागांत विचारलं आहे, "मागच्या एप्रिल-मेमध्ये मोटार किती दिवस बंद होती?" उत्तर बहुतेक वेळा पंधरा-वीस दिवसांच्या पुढचं असतं.

आता पाणी उतरतं का आणि कुणासाठी, ते पाहू. करंजवणची साठवणक्षमता सुमारे ५३७१ दशलक्ष घनफूट. त्याच्या खाली कादवेवरच पालखेड, पण पालखेडची क्षमता जेमतेम ६५३. पालखेडच्या कालव्यांवर निफाड, येवल्यापर्यंतची शेती आणि गावांचं पिण्याचं पाणी अवलंबून. एवढं मोठं काम एवढ्याशा पालखेडला झेपत नाही, म्हणून त्याची खरी टाकी म्हणजे करंजवण आणि वरची बाकीची धरणं. पालखेडला आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस द्यायचं पाणी, सुटायचं असलं की करंजवणचा दरवाजा उघडतो, कादवेनं पाणी खाली जातं, आणि तुमच्या काठावर आठ-दहा दिवस कड वेगानं सरकते. मग आवर्तन बंद होतं, कड थांबते. पुढच्या आवर्तनापर्यंत जे उतरतं ते बाष्पीभवन आणि उपशामुळे. बाष्पीभवनही लहान नाही. कडक उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं. दहा मिलिमीटर म्हणजे एक चौरस किलोमीटर पसाऱ्यावर रोजचं एक कोटी लिटर.

म्हणजे पाणी पायऱ्यांनी उतरतं. हे काठावर कुणी सांगत नाही, पण पायऱ्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. सिंचनाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. १५ ऑक्टोबरला साठा किती ते बघून रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तनं ठरतात, कालवा सल्लागार समितीची बैठक होते. त्या बैठकीत कालव्याखालचा शेतकरी असतो, आमदार-खासदार असतात, अधिकारी असतात, पाणीवापर संस्थांचे प्रतिनिधी असतात. धरणाच्या पोटात जाळं टाकणारा नसतो, गाळात हरभरा पेरणारी नसते. मी हे खूप वर्षं मांडते आहे आणि इथेही मांडते: ज्या समितीच्या निर्णयानं काठ सरकतो तिथे काठावरच्या माणसाला एक खुर्ची मिळालीच पाहिजे.

गाळपेराचं थोडं सविस्तर सांगते, कारण उतरत्या पाण्याची सगळ्यात चांगली बाजू तिथे आहे आणि सगळ्यात मोठी फसवणूकही तिथेच. पाणी मागे सरकलं की खाली जी ओली, काळी, गाळाची जमीन उघडी पडते ती गाळपेर. तिला खत लागत नाही, पाणी लागत नाही. हरभरा टाकला की जमिनीतल्या ओलीवर येतो. जमीन सरकारची असते. हंगामापुरती ती भाड्यानं देतात, आणि ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना आधी मान असतो. २०१८-१९ च्या दुष्काळात तर चारापिकांसाठी गाळपेर जमीन एक रुपया नाममात्र भाड्यानं दिली होती आणि तेव्हा त्या मक्यानं, ज्वारीनं अनेक गोठे वाचले.

वरची कड आधी उघडी होते, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभरा, गहू. पाणी आणखी मागे गेलं की खालच्या पट्ट्यात भाजी, मका, टरबूज-खरबूज. जाणती बाई एकाच दिवशी सगळं पेरत नाही, कड सरकेल तशी पट्टी-पट्टीनं खाली जाते. पावलाचा ठसा उमटतो पण टाच रुतत नाही, इतकी ओल असली की बी टाकायचं, हे मला एका आदिवासी आजीनं शिकवलं. तिचं मोजमाप कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

पण गाळपेराला दोन्हीकडून धोका असतो. एका वर्षी आमच्या एका महिला गटानं ऑक्टोबरच्या शेवटी चार एकरांवर हरभरा पेरला. रोपं बोटभर झाली होती. परतीचा पाऊस वरच्या भागात जोरात झाला, वरच्या धरणाचं पाणी सोडलं गेलं आणि दोन दिवसांत आमच्या पट्टीवर गुडघाभर पाणी आलं. पाणी सोडणार हे संबंधित कार्यालयाला आदल्या दिवशी दुपारी माहीत होतं. नदीकाठच्या गावांना इशारा गेला. धरणाच्या पोटात पेरलेल्या बायकांना इशारा द्यायचा असतो, हे त्या यादीतच नव्हतं. पाणी ओसरलं तेव्हा हरभरा काळा पडून आडवा झाला होता. पंचनामा होणार नाही असं सांगितलं, कारण ती जमीन "बुडीत क्षेत्र". नियम म्हणून ते बरोबर असेल. पण चौदा बायकांचं बियाणं, त्यांचे दिवस गेले आणि एका फोनाने ते वाचलं असतं असंही नाही, कारण पेरलेलं उचलून नेता येत नाही. वाचलं असतं ते पेरण्याआधी. वरच्या धरणांत किती जागा शिल्लक आहे आणि परतीच्या पावसाचा जोर आला तर कुठवर पाणी चढू शकतं, एवढं सांगितलं असतं तर आम्ही खालची पट्टी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मोकळी ठेवली असती. तेव्हापासून आमचा गट सगळ्यात खालच्या पट्टीत कार्तिकी एकादशीआधी बी टाकत नाही.

गाळपेरात रासायनिक खत आणि तणनाशक नको, हे मी हट्टानं सांगते. तीच जमीन जुलैत पाण्याखाली जाणार आणि तेच पाणी गावाच्या नळाला येणार.

आता मामांकडे वळू. पाणी उतरतं तसा मासा दाटतो. तेवढेच मासे कमी पाण्यात आले की जाळ्यात जास्त लागतात. मामांना वाटतं, मासा वाढलाय. वाढलेला नसतो, कोंडलेला असतो. त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या सगळ्याच धरणांवर असंच होतं, सगळे बाजारात एकदम आणतात आणि व्यापारी भाव पाडतो. बर्फ नाही, साठवण नाही, उन्हाळा कडक, तासाभरात मासा मऊ पडतो. म्हणून मामा म्हणतात ते अगदी खरं आहे: मासा भरपूर, पैसा नाही.

यापेक्षा मोठं नुकसान पुढचं असतं. कोंडलेल्या डोहातून बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी ओढली की उद्याचा मासाही निघून येतो. आपल्या धरणांत मुख्य भरवसा रोहू, कटला, मृगळ यांच्यावर. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून संस्था दरवर्षी मत्स्यबीज सोडते. चिलापी, मरळ हे मात्र काठाच्या उथळ पाण्यात घरटं करतात. वीण झाल्यावर आवर्तन सुटलं आणि कड दोन मीटर खाली गेली की ती घरटी उघड्यावर पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काठानं चाललं तर ताटाएवढे गोल खड्डे वाळत पडलेले दिसतात. ती चिलापीची घरटी.

चढतं पाणीही सरळ नसतं. मृगाच्या पहिल्या जोराच्या पावसात डोंगरातून गढूळ लोंढा येतो. उन्हाळाभर काठावर साठलेला पालापाचोळा, शेण, मेलेली पानवेल सगळं पाण्यात जातं आणि सडायला लागतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मे अखेरीस पाणी आधीच थोडं आणि तापलेलं. त्या दोन-तीन दिवसांत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून गटागटा हवा घेतात, आणि कधी पांढरी पोटं वर करून काठाला लागतात. गावात लगेच "कुणीतरी औषध टाकलं" अशी भांडणं होतात. कधी ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा मी पाहिलंय ते हेच. धरणात पुरेशी खोली शिल्लक असेल तर मासा खाली जाऊन वाचतो, म्हणून उन्हाळ्याअखेरचा खोल डोह मच्छीमाराला सोन्यासारखा.

पूर आणि फुगवट्याचं लवकर उरकते, कारण करंजवणला तो तुमचा मुख्य प्रश्न नाही. पण खाली निफाडला तो आहे. तुमची कादवा जिथे गोदावरीला मिळते तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तो उथळ आणि गाळानं भरलेला. गाळाची बेटं, पाणथळ, म्हणूनच तिथे हजारो पक्षी येतात. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगाव, खाणगाव थडीच्या तरुणांना हिवाळ्यात पक्षी दाखवण्याचं काम मिळतं आणि ते काम पाण्याच्या वितीवर चालतं. कड घोट्याएवढी उथळ असली की चिखलात चरणारे पक्षी काठाला येतात, पर्यटकांना दुर्बिणीतून दिसतात. पाणी चढवून ठेवलं की तेच पक्षी दुसरीकडे जातात. पण कालव्याच्या आवर्तनासाठी बंधाऱ्यात पाणी चढवून धरावंच लागतं. तिथल्या मच्छीमारांवर अभयारण्याची बंधनं आहेत आणि वरच्या सायखेडा, चांदोरीकरांना पावसाळ्यात फुगवट्याचं भय आहे. २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला पूर आला तेव्हा नाशिकमध्ये गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात गेली आणि खाली सायखेडा, चांदोरीत घरं, दुकानं बुडाली. सायखेड्याच्या पुलाला पानवेल अडकून पाणी तुंबतं, हे तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

दुतोंड्या मारुतीचं नाव निघालं म्हणून सांगते. नाशिकच्या माणसाला पूर कळतो तो त्याच्यावरून: पायाला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. कुणालाही क्यूसेक विचारावा लागत नाही. पाणी दाखवायचं ते असं, सगळ्यांना एकाच वेळी दिसेल असं. काठावरच्या गावांना आपापला दुतोंड्या हवा आहे.

जायकवाडीचा विषय या चर्चेत येणारच, म्हणून तोही सांगते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे सूत्र २०१४ मध्ये ठरलं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपावर ते उभं आहे. २०२३ मध्ये पाऊस कमी होता, तेव्हा नाशिक आणि नगरच्या धरणांतून मिळून ८.६ टीएमसी सोडण्याचा निर्णय झाला. एक टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, त्यावरून त्याचं वजन कळेल. पाणी सोडताना नदीकाठच्या मोटारींची वीज बंद केली जाते, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात. मराठवाड्यातल्या माणसाची तहान खरी आहे आणि मी त्या पाण्याच्या विरोधात नाही. माझी तक्रार एवढीच की नोव्हेंबरात नदीकाठच्या बंधाऱ्यात अडवलेल्या पाण्याच्या भरवशावर ज्यानं टोमॅटो किंवा कांद्याचं रोप टाकलेलं असतं, त्याला फळ्या निघणार हे लाइनमन आल्यावर कळतं. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला आकडा दिसतो. पावसाचा अंदाज घेत सप्टेंबरातच "या वर्षी फळ्या निघण्याची शक्यता मोठी" असं गावात सांगता येतं.

लोकांना पाण्याचा आकडा वेळेवर मिळाला तर काय होतं, हे दाखवणारं ठिकाण तुमच्या शेजारीच आहे. वाघाड. तिथे १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या कामातून, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं, पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. २००३ मध्ये त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था झाली, आज त्यात २४ संस्था आहेत. ऑक्टोबरला साठा मोजतात, प्रत्येक संस्थेचा कोटा घनमापनानं ठरतो आणि मग शेतकरी आपल्या कोट्यात काय लावायचं ते स्वतः ठरवतो. कालव्याच्या शेपटाला असलेल्यालाही द्राक्ष लावायचं धाडस झालं, कारण मार्चमध्ये किती पाणी येणार ते त्याला ऑक्टोबरात माहीत असतं. मी नवी होते तेव्हा तिथल्या बैठकांत मागे बसून शिकले. त्या कालव्याखालच्या संस्था आहेत, काठावरच्या नाहीत. पण २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं उपसा करणाऱ्यांनाही पाणीवापर संस्था करता येते, आणि तुमच्या काठावर पहिलं काम तेच आहे. वीस मोटारवाले वेगवेगळे असले तर त्यांचं कुणी ऐकत नाही, वीसांची नोंदलेली संस्था असली की तिच्या पत्राला जावक क्रमांक मिळतो.

आता तुमच्या घराचं. या पावसाळ्याआधी, पाणी सगळ्यात खाली असताना, मोटारीच्या रेषेत उतारावर दर अर्ध्या मीटर उंचीला एक खांब रोवा. बांबूही चालेल, पण लोखंडी अँगल पाण्यात टिकतो. उंची मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. त्यावर ऑइलपेंटनं आकडे काढा. धरण भरलं की दर सोमवारी कड कुठे आहे ते वहीत लिहा आणि शेजारी त्या दिवशीचा जाहीर झालेला साठा लिहा. एका वर्षात तुमच्या हाती असा तक्ता येईल की साठा अमुक झाला म्हणजे आमच्या काठावर पाणी तमुक खांबावर. मग वर्तमानपत्रातला टक्का वाचून तुम्हाला तुमचा काठ दिसेल. पालखेडच्या आवर्तनाच्या तारखा जाहीर होतात त्या त्याच वहीत टाका. मोटार कोणत्या आठवड्यात खाली न्यायची ते तुम्ही फेब्रुवारीतच सांगू शकाल आणि चर खणायचा जेसीबी सगळ्यांनी मिळून आणता येईल.

एकेकटी मोटार खाली खाली नेण्यापेक्षा पाच-सात जणांनी मिळून तराफ्यावर पाणबुडी मोटार बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तराफा पाण्याबरोबर उतरतो, सहा मीटरची अट उरत नाही, फुटबॉल गाळात रुतत नाही, त्यामुळे ड्रिपचे फिल्टरही कमी तुंबतात. केबल चांगल्या प्रतीची घ्या, जोड पाण्याबाहेर ठेवा आणि स्टार्टरजवळ गळती पकडणारा ब्रेकर लावाच. केबलचा जोड पाण्यात राहिल्यानं शॉक बसून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. उपशाची परवानगी आणि पाणीपट्टी वेळेवर भरा, नाहीतर पिण्याच्या पाण्याचं आरक्षण लागलं की सगळ्यात आधी विनापरवाना जोडणी तुटते. आणि खरड छाटणी दोन-तीन टप्प्यांत करता येते का ते घरच्यांशी बोला. तीन एकर एकाच आठवड्यात छाटले की तीन एकर एकाच आठवड्यात तहानतात.

मामांसाठी दोन गोष्टी. संस्थेच्या सभेत असा ठराव करून घ्या की मार्चनंतर सगळ्यात खोल डोहात ओढजाळ घालायचं नाही आणि बारीक आस बंद. हे अवघड आहे, कारण मे महिन्यात घरात पैसा नसतो आणि डोहात मासा दिसत असतो. आमच्या एका संस्थेत हे जमलं ते बायकांमुळे. विक्री त्याच करतात, लहान माशाला भाव किती पडतो ते त्यांना नेमकं माहीत होतं. त्यांनी हिशेब मांडला की एक किलोत मावणारे दहा-बारा छोटे मासे डिसेंबरपर्यंत राहिले तर प्रत्येकी अर्धा-पाऊण किलोचे होतात.

दुसरी, मत्स्यबीजाची. बीज स्वस्त पडतं म्हणून मत्स्यजिरे (नुकती जन्मलेली बारीक पिल्लं) किंवा अगदी लहान पिल्लं सोडू नका. धरणात चिलापी आणि मरळ ती गिळतात, आणि दरवाजे उघडे असले तर सांडव्यावरून निघूनही जातात. बोटाएवढी, म्हणजे आठ ते दहा सेंटिमीटरची बोटुकली घ्या, ती वाचते. सोडायची तारीख पंचांगावर ठरवू नका, तुमच्या खांबांवर ठरवा. धरण भरून सांडव्यावरून वाहायचं थांबलं, पाणी निवळायला लागलं आणि काठाचं गवत पाण्याखाली आलं की तो आठवडा. करंजवणला हे बहुतेक वर्षी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येतं. बोटुकलीची मागणी मात्र जूनमध्येच नोंदवावी लागते, नंतर बीजकेंद्रावर उरतं ते लहानच असतं.